माझी वीत

कशिशने कागदाची गुंडाळी सोडली आणि आमच्या हॉलच्या फरशीवर ‘जमा करा’ पसरलं. एकेक अक्षर माझ्या कमरेएवढं उंच, अंग चोरून शेजारी शेजारी उभं, कोपरे सगळे ताठ. मी खाली बसले. गुडघे कुरकुरले, कुरकुरू देत. उजव्या हाताचा अंगठा ‘ज’च्या एका कडेला टेकवला आणि करंगळी ताणली. करंगळी दुसऱ्या कडेला पोचलीच नाही. दोन बोटं कागद उरला.

परत मोजलं. परत दोन बोटं.

“रुंद केलंस तू,” मी म्हटलं.

“नाही आंटी! कसम से. एक पॉइंट पण नाही हलवला मी.”

“मग ही जागा कुठून आली? एका अक्षराला माझी एक वीत. मी घातलीय ती, मला शिकवू नको.”

“मी दीवारवर बटर पेपर लावून काढलंय, आंटी. जितनं आहे तितनंच.”

“उचल हे. आणि चालू लाग.”

पोरीचे डोळे भरले. चहा अर्धा टाकून, कागद काखेत मारून गेली. मी दार लावलं ते जरा जोरातच. रागाची मी आहेच, आणि पेंटर, माझा नवरा, गेल्यापासून तो राग ऐकून घेणारं घरात कुणी नाही. मुलगा ऐकत नाही, तो फक्त “आई, बीपी” म्हणतो.

कशिश सिंधी वस्तीतली, कॅम्प पाचची. तिच्या आजोबांच्या कापडाच्या दुकानाची पाटी आम्ही रंगवली होती, त्या पाटीचा फोटो तिच्या घरी देव्हाऱ्याशेजारी आहे म्हणे. आता ती एका ऑफिसात कॉम्प्युटरची अक्षरं बनवते. फॉन्ट. तो फोटो बघत वाढलेली पोरगी, तिच्या डोक्यात बसलं की हेच अक्षर बनवायचं. मग हिंडली सगळीकडे. पाट्या गेल्या होत्या, भिंती गेल्या होत्या. मोरिवलीत बंद पडलेल्या एका कंपनीच्या कंपाउंडवर आमची एकच ओळ उरलेली तिला सापडली. तिथल्या चहावाल्याला विचारत विचारत ती चिखलोलीला आमच्या नवव्या मजल्यावर येऊन धडकली. हातात मिठाईचा पुडा आणि परवानगीच्या सहीचा एक कागद.

पहिल्याच दिवशी बिचारीने खरं ते सांगून टाकलं. तिचे सर म्हणतात, अक्षर छान आहे, पण फार दाटीवाटीचं आहे. थोडं रुंद करू, कोपरे जरा घासून गोल करू, म्हणजे मोबाईलवर वाचायला मऊ वाटेल. मऊ! मी तेव्हाच सांगितलं होतं, सूतभर हललं तरी सही मिळणार नाही. आणि ती भिंत या महिन्याअखेर पडणार आहे, तिथे टॉवर होतोय. भिंत पडली की माझं अक्षर फक्त त्या पोरीच्या मशीनमध्ये उरणार. तिथे ते चुकीचं गेलं तर कायमचं चुकीचं गेलं. मग मी कुणाला काय दाखवू? म्हणून डोकं फिरलं माझं.

रात्रभर कपाटावरच्या बिस्किटांच्या डब्याकडे बघत पडले होते. त्यात आमचं सूत आहे.

सूत म्हणजे काय, साधी दोरी. निळीच्या पुडीतून ओढायची, एकाने एक टोक धरायचं, दुसऱ्याने दुसरं, भिंतीला लावून ताणायची आणि मधे चिमटीत धरून सोडायची. टण्! भिंतीवर निळी सरळ रेघ. खिळा ठोकून एकट्यानेही करता येतं, पण कंपनीवाले भिंतीला खिळा मारू देत नसत, प्लास्टर उडतं म्हणून. त्यामुळे पेंटरला दुसरं माणूस लागायचंच, आणि लग्न करून मी आल्यावर ते माणूस मी झाले. मी घरातही त्यांना पेंटरच म्हणायचे, सगळं मोरिवली म्हणायचं म्हणून. पहिल्या वर्षात आमचं प्रेमाचं बोलणं झालं ते बहुतेक सुताच्या दोन टोकांवरूनच. “वर घे.” “घेतलं.” “अजून वर.” “हात पुरत नाही.” “मग टाचा उचल की!” आणि टण्.

टर्पेंटाइनचा वास मला अजून आवडतो. माणसं नाक धरतात, मी छाती भरून घेते. त्या वासात दुपारची भाकरी असायची, कागदात बांधलेली, लसणाच्या चटणीची. कंपनीचा भोंगा असायचा. वाऱ्याची दिशा बदलली की केमिकलचा कडू वास यायचा आणि जीभ आतून खरखरीत व्हायची. वालधुनी नदीचं पाणी कधी जांभळं, कधी पिवळं, पेंटर काठावर उभे राहून म्हणायचे, “हा रंग माझ्या डब्यात का नाही?” हसायचे. काय माणूस होता. जग सडलेलं असलं तरी त्यातला रंग उचलायचे.

तर ती भिंत. कंपनीच्या साहेबाला ओळ हवी होती, ‘विडी काडी गेटवर जमा करा’, आणि खाली किंवा शेवटी ‘हुकुमावरून’. पेंटरनी भिंत स्वतःच्या विती टाकत मोजली, बोटांवर हिशेब केला आणि सांगितलं, हुकूम मावत नाही साहेब, ‘करा’पर्यंतच येईल. साहेबाचं तोंड वाकडं झालं पण मान्य झालं. दुसऱ्या दिवशी पेंटरना कॅम्प पाचला जायचं होतं, सिंध्यांच्या चेटीचंड सणाच्या आत एक पाटी द्यायची होती. निघताना मला म्हणाले, “उंची मी काठीने आखून ठेवलीय. तू फक्त रुंदीच्या खुणा कर. एका अक्षराला एक वीत. काना-वेलांटीला थोडी जागा धरून ठेव. बाकी मी आल्यावर.”

एक वीत. झालं. त्यांनी सांगितलं, मी ऐकलं. कुणाची वीत, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. वीत म्हणजे वीत! त्यांचा हात सुपाएवढा, माझा बावीस वर्षांच्या बाईचा, बांगड्या अडीचच्या आतल्या. मी माझ्या हाताने अंगठा-करंगळी, अंगठा-करंगळी करत गेले.

खुणा झाल्या आणि मला थांबवेना. सकाळची वेळ, भिंत पांढरी, नीळ हाताशी. शेजारच्या शेवंताला हाक मारली, म्हटलं धर गं टोक. मला ब्रशने गोल काढता येत नव्हतं, सातवीपर्यंत शिकलेली मी, चित्रकला म्हणजे तुळशीवृंदावनसुद्धा कधी धड आलं नाही. पण सूत येत होतं. सूत गोल होत नाही. मग जिथे अक्षराला पोट असतं तिथे मी कोपरा दिला. ‘व’चं पोट तिरक्या दोन रेघांत बसवलं, ‘ट’ला कोपर काढलं, ‘ड’ची कंबर मोडली. शेवंता म्हणे, “वहिनी, पेंटर मारतील.” म्हटलं, मारू दे, आधी बघू दे. लाल ऑइलपेंट घेऊन चपट्या ब्रशने रेघांच्या आत भरत गेले. दुपारची भाकरी तशीच राहिली.

संध्याकाळी पेंटर आले, सायकल टेकवली आणि उभेच राहिले. अक्षरं काठीएवढी उंच, आणि रुंदीला माझी वीत. उंची त्यांची, रुंदी माझी. सगळी ओळ अंग आवळून उभी, आणि शेवटी तिसरा हिस्सा भिंत कोरी! ते मटकन स्टुलावर बसले. “अगं बाई, हे काय करून ठेवलंस?” तेवढ्यात साहेब गेटातून बाहेर आला. त्याने ओळ वाचली, कोरी जागा बघितली आणि पेंटरच्या पाठीवर थाप मारली. “अरे वा! म्हणजे हुकूम बसतो की.”

बसला. माझ्या चुकीत साहेबाचा हुकूम बरोब्बर मावला.

त्यानंतर पेंटरनी स्वतःची वीत भिंतीला लावलीच नाही. “रुंदी तू घाल,” म्हणायचे. त्यांचं गोल अक्षर फार सुरेख होतं हो, गणपतीच्या सोंडेसारखं वळायचं. ते त्यांनी डब्यात ठेवून दिलं आणि माझं अक्षर उचललं. किती नवरे करतील? कमी जागेत जास्त मजकूर बसतो म्हणून लोक शोधत यायला लागले. बदलापूरची पिठाची गिरणी, अंबरनाथचं सायकलचं दुकान, कॅम्पातल्या गल्लीत तर दुकानं सहा सहा फुटांची आणि नावं हातभर लांब! तिथे माझं अक्षर नसतं तर निम्म्या शेटजींची नावं गटारात पडली असती. लांबून, चालत्या रिक्षातूनही दिसायचं. एप्रिल लागला की वस्तीत जयंतीचं काम. तेव्हा लाल नाही, निळा. विहाराच्या भिंतीवर पाच शीलं लिहायची, अंघोळ करून, अनवाणी. वस्तीची पोरं गोल करून बसायची आणि प्रत्येक टण्‌ला ओरडायची. चुन्याचा ओला वास, डफाचा सराव, आणि संध्याकाळी माझ्या कोपरापर्यंत निळा हात. तो मी दोन दिवस धुवायचे नाही. मिरवायचे, सरळ सांगते.

नावं ठेवणारेही होतेच. शाळेच्या भिंतीचं काम आलं तेव्हा कमिटीतले एक गृहस्थ म्हणाले, अक्षर फार भांडखोर दिसतं, कोपरे टोचतात, मुलांना जरा गोंडस काहीतरी द्या. पेंटर माझ्याकडे बघायला लागले. मी स्टुलावरूनच म्हटलं, “भाऊ, मुलांना उभं राहायला शिकवायचंय ना? मग अक्षर उभंच असू द्या.” तिथेच ‘शाळा’ लिहिताना ‘ळ’ आला. पहिल्यांदा. पेंटर म्हणाले, आता सापडलीस, दोन पोटं आहेत ह्याला, सुताने काढून दाखव. मी दोन शंकरपाळे काढले, एकमेकांना टोक लावून, आणि काना उभा केला. पेंटर इतके हसले, इतके हसले, की रंगाचा डबा लवंडला. पुढे दिवाळीत मी शंकरपाळे कापायला बसले की म्हणायचे, “ळ झाले का तळून?”

त्या भिंतीवर आता टाइल्स आहेत. मग फ्लेक्स आला. मग एकेक पाटी उतरली. मग पेंटर गेले. मोरिवलीची खोली गेली आणि आम्ही नवव्या मजल्यावर आलो, जिथे भिंतींना हात लावला की मुलगा ओरडतो, नवीन पेंट आहे.

सकाळी उठले, डब्यातलं सूत पर्समध्ये टाकलं आणि रिक्षा केली. म्हटलं आज सोक्षमोक्ष. भिंतीवर वीत टाकून बघते, मोबाईलवर फोटो काढून त्या सरांच्या तोंडावर मारते.

मोरिवलीत भिंतीपुढे निळे पत्रे ठोकलेत. दोन पत्र्यांच्या मधून मी आत शिरले. घाणेरीची झुडपं वाढलेली, डुकरं लोळून गेलेली. आणि ती उभी होती. लाल रंग विटकरी झालाय, ‘विडी’वरून पिंपळाचं मूळ आलंय, पण एक कोपरा वाकला नव्हता. विडी काडी गेटवर जमा करा हुकुमावरून. कंपनी गेली, साहेब गेला, गेट गेलं. ओळ अजून दटावत होती. मला एकदम रडू आलं आणि मी ते येऊ दिलं.

मग ‘ज’पाशी गेले. अंगठा टेकवला. करंगळी ताणली.

दोन बोटं कमी.

मी परत टाकली. ‘म’वर टाकली. ‘क’वर टाकली. डाव्या हाताने करंगळी ओढून बघितली, कळ खांद्यापर्यंत गेली. दोन बोटं. कागदावर होती तीच दोन बोटं. मग मी हात डोळ्यांसमोर धरला. बोटांच्या पेरांवर गाठी, अंगठा आत वळलेला. रोज कणीक मळते ह्या हाताने, रोज बघते, आणि तो आखडलाय हे मला कधी दिसलंच नव्हतं. पोरगी खरं बोलत होती. तिने केसभर हलवलं नव्हतं. हललं होतं ते माझं. आणि मी त्या लेकराला चहा पुरता पिऊ न देता हाकललं. लाज वाटली, फार वाटली.

“ओ मौसी! किधर? हाथ मत लगाओ, दीवार गिरनेवाली है!” वॉचमन काठी आपटत आला.

“गिरने दे. मेरेको दो मिनट दे.”

“कंपनी का प्रॉपर्टी है मौसी.”

“दीवार तुम्हारी. बित्ता मेरा है, मेरी वीत.”

तो गोंधळून थांबला. मी पर्समधून सूत काढलं. इतक्या वर्षांनीही त्यातून नीळ झडली. त्याला म्हटलं, “खडा क्या है, ये पकड.” वॉचमनने मुकाट्याने ‘ज’च्या एका कडेवर सूत दाबून धरलं. मी दुसऱ्या कडेपर्यंत ताणलं. कडेवर जिथे त्याचं बोट होतं तिथे एक गाठ मारली. जिथे माझं होतं तिथे दुसरी. दोन गाठींच्या मधे माझा बाविसाव्या वर्षीचा हात. अडीचच्या आतल्या बांगड्यांसकट. पाडा म्हटलं आता भिंत, खुशाल पाडा.

रिक्षात बसूनच कशिशला फोन लावला. “पोरी, माझं चुकलं. तुझं अक्षर बरोबर आहे, माझा हात आखडलाय. घरी ये. आणि कालचा चहा प्यायला ये.”

ती तासाभरात आली. मी सूत तिच्या हातात दिलं, तिने कागद पसरून गाठी ‘ज’वर ठेवल्या. बरोब्बर. तिने माझा गाठीगाठींचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. मग जरा चाचरत म्हणाली, “आंटी, मी सरना सगळं सांगितलं. तुम्ही सांगितलेली साहेबवाली स्टोरी, हाथ वाली बात पण. ते बोलले, म्हणजे मुळात ती गलतीच होती ना? आंटीचा हाथ छोटा होता म्हणून झालं. आता तर तो हाथ पण तसा नाही राहिला. तर मग थोडं रुंद केलं तर कुणाला काय फरक पडतो?”

“लाव त्यांना फोन,” मी म्हटलं. तिने लावला आणि स्पीकरवर टाकला. मी नमस्कार-चमत्कार काही केला नाही. “सर, चूक होती. माझी होती. दुरुस्त करायची तर मी करीन, आणि मला नाही करायची. माझ्या नवऱ्याने केली नाही, तुम्ही कोण? हात म्हातारा झालाय माझा, अक्षराला कशाला म्हातारं करताय? सही हवी असेल तर ह्या दोन गाठींच्या मधे बसवा. आणि कोपऱ्यांना हात लावायचा नाही. मऊ हवं असेल त्याने उशी घ्यावी.”

मग ते म्हणाले, “ठीक आहे, बघू.”

“बघू नाही. ठेवू म्हणा.”

“...ठेवू.”

कशिशने फोन ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड दाबून हसत सुटली. मग एकदम गंभीर झाली. “आंटी, एक प्रॉब्लेम आहे. बाकी सगळी अक्षरं लोकांकडच्या जुन्या फोटोंवरून जमली, पण ‘ळ’ कुठेच नाही. भिंतीवर नाही, आजोबांच्या पाटीवर नाही. सर बोलले, दुसऱ्या फॉन्टमधून घेऊ. गोल वाला.”

“गोल?” मी उठलेच. “माझ्या ओळीत?”

पंचांगाशिवाय, मुहूर्ताशिवाय मी सोफा ओढला. त्याच्यामागे हॉलची भिंत, साबुदाण्यासारखी पांढरी, महिन्याभरापूर्वी रंगवलेली. स्वयंपाकघरातून नीळ आणली. दोन गाठींनी रुंदीच्या दोन खुणा केल्या. उंचीला पेंटरची काठी नव्हती, पण ‘ज’चा कागद होता, तो लावून वर-खाली खूण केली. कशिशला म्हटलं एक टोक तू धर, घट्ट. टाचा उचल.

तेवढ्यात लॅचमध्ये किल्ली फिरली आणि मुलगा आत आला. त्याने सोफा बघितला, निळे हात बघितले, भिंत बघितली.

“आई! हे काय चाललंय? नवीन पेंट आहे तो!”

“खिळा नाही मारत मी,” मी म्हटलं. “‘ळ’ काढतेय. शाळेच्या भिंतीवरचा, पप्पांचा लाडका. बूट काढ आणि ये.”

तो दारातच उभा. बॅग खांद्यावर तशीच. त्याला शंकरपाळे आठवले असावेत, कारण त्याचा चेहरा एकदम लहानपणीचा झाला.

“मी काय करू?” तो म्हणाला.

माझा हात दुखायला लागला होता. मी त्याच्या हातात माझं टोक दिलं आणि सूत मधे चिमटीत धरलं. चिमूट अजून आखडलेली नाही.

“वर घे,” मी म्हटलं. “अजून वर.”

टण्!